सॅक रिकामी बघून घेऊ नका. सामान भरा, गाडीवर बसा, मग ठरवा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याच्या बाजारपेठेत सॅकचे ढीग लागतात. दोरीला टांगलेल्या, आत रद्दी कोंबून फुगवलेल्या, काळ्या-निळ्या सॅक. गिऱ्हाईक येतं, रंग बघतं, नाव बघतं, कप्पे मोजतं, पन्नास रुपये कमी करून घेतं अन् जातं. पाठीला लावून बघणारा दहात एखादा. त्यात सामान भरून बघणारा तर मी अजून पाहिला नाही. चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. सॅक मात्र हातात धरून विकत घेतो, आणि मग वर्षभर ती खांद्यावर वागवतो.

आपल्याकडचा रोजचा प्रवास एका प्रकारचा नाही. वस्तीवरनं फाट्यापर्यंत दीड-दोन किलोमीटर पायी, तिथनं एसटी, एसटीत उभं राहून तालुका, परत कॉलेजपर्यंत पायी. टेंभुर्णीच्या एमआयडीसीत जाणारी पोरं मोटारसायकलवर पंचवीस-तीस किलोमीटर जातात. कुणी कुर्डुवाडी स्टेशनला गाडी लावून रेल्वे पकडतं. आशाताई रजिस्टर आणि औषधं घेऊन या वाडीवरनं त्या वाडीवर चालतात. म्हणजे एकच सॅक अर्धा तास गाडीवर आणि अर्धा तास पायी वागवायची असते. चालायला चांगली असलेली सॅक गाडीवर त्रास देते, अन् गाडीवर बरी वाटणारी सॅक चालताना खांदा कापते. दोन्हीकडं चालेल अशी शोधायची म्हणजे नेमकं काय बघायचं, ते सांगतो.

आधी पाठ मोजा

मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका वर येतो. तिथून खाली कमरेपर्यंत मोजायचं. कमर म्हणजे पँटचा पट्टा नव्हे. दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा, अंगठे पाठीमागं जिथं येतील ती रेघ. शिंप्याची टेप नसेल तर सुतळीनं मोजा आणि ती सुतळी खिशात घालून दुकानात न्या. मोठ्या माणसाचं हे माप साधारण सोळा ते वीस इंचांच्या आत येतं, शाळकरी पोरांचं त्याहून कमी. सॅकची पाठीला टेकणारी बाजू या मापापेक्षा लांब नको.

पाचवीतल्या पोराला "पुढच्या दोन वर्षांचं होईल" म्हणून मोठी सॅक घ्यायची आपली सवय आहे. शर्ट मोठा घेतला तर बाह्या दुमडता येतात, सॅक दुमडता येत नाही. ती खाली लोंबते, चालताना ढुंगणावर आपटते आणि पोरगं तोल सावरायला पुढं वाकून चालायला लागतं. पट्टे ताणल्यावर सॅकचा तळ कमरेच्या रेघेच्या फार तर चार इंच खाली असावा. त्याखाली गेला तर एकतर पट्टे ढिले आहेत किंवा सॅक मोठी आहे.

आता दुसरी परीक्षा, जी दुकानदार सांगत नाही. सॅक पाठीला लावून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर बसा. हेल्मेट घाला. मान वर करा, मग डावी-उजवीकडं मागं वळून बघा. उंच सॅकचं वरचं टोक हेल्मेटला मागनं धडकतं आणि मान वर होत नाही. मागनं येणारा ट्रक बघायला मान वळवावी तर तीही अडते. सॅकचा तळ सीटवर जोरात टेकत असेल तर पूर्ण सॅक वर ढकलली जाते आणि पट्टे खांद्यावरनं उठून मानेला लागतात. तळ सीटला जेमतेम टेकला किंवा दोन बोटं वर राहिला तर बरोबर. दोन मिनिटांचं काम आहे, पण रोज हायवेवरनं जाणाऱ्यानं ते केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पट्टा बघा, कप्पे नंतर

सॅकचा सगळा भार दोन पट्ट्यांवर असतो, आणि स्वस्त सॅकमध्ये सगळ्यात जास्त काटकसर तिथंच केलेली असते. पट्टा खांद्यावर किमान दोन-अडीच इंच रुंद हवा. आतला फोम अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. बोटांना एकमेकांचा स्पर्श जाणवला तर तो फोम नाही, नुसता स्पंज आहे. महिन्याभरात तो चपाती होणार. चांगला फोम दाबताना जरा कडक लागतो आणि सोडल्यावर लगेच मूळ जागी येतो.

मग पट्ट्याचं मूळ बघा, म्हणजे तो वर सॅकला जिथं जोडलाय ती जागा. बऱ्याच सॅकमध्ये पट्टा दोन कापडांच्या मधे खुपसून वरून एकच टीप मारलेली असते. भरलेली सॅक एका पट्ट्यानं उचलायची आपली सवय, गाडीच्या हँडलला अडकवायची सवय, त्यात ही टीप पहिल्यांदा जाते. चांगल्या सॅकला तिथं आतनं जादा कापड लावलेलं असतं आणि वरून चौकोनात फुली मारल्यासारखी शिलाई असते. खालच्या बाजूला, जिथं बारीक पट्टी सॅकच्या कोपऱ्यात शिरते, तिथं त्रिकोणी तुकडा लावून टाके घट्ट मारलेले हवेत. दोन्ही हातांनी धरून जोरात ओढा. दुकानदार "अहो, फाटेल ना" म्हणाला तर समजून घ्या.

सॅक आतून उलटी करून बघायला लाजू नका. कापडाच्या कडा पट्टीनं झाकून शिवल्यात का, की दोरे लोंबतायत? बाहेरनं सगळ्या सॅक सारख्या दिसतात. मुंबईत धारावी, मदनपुरा भागात अशा बॅगा शिवणारे असंख्य छोटे कारखाने आहेत. तिथं एकाच गल्लीत उत्तम मालही शिवला जातो आणि घाईचा मालही. फरक फक्त आतून कळतो.

छातीवर आडवी बांधायची बारीक पट्टी हल्ली बऱ्याच सॅकला येते. लोक तिला शो समजून कापून टाकतात. गाडीवर हीच पट्टी कामाची आहे. खड्ड्यात गाडी आदळली की पट्टे खांद्यावरनं बाहेर सरकतात, आपण एक हात सोडून ते सारखे करतो, आणि तेवढ्यात हँडल एका हातावर राहतं. छातीची पट्टी लावली की पट्टे जागचे हलत नाहीत. बायका-मुलींनी घेताना ही पट्टी वर-खाली सरकते का ते बघावं. सरळ पट्ट्यांपेक्षा जरा वळणदार पट्टे त्यांना जास्त सोयीचे पडतात. खांद्याला न दुखवता ते बगलेकडून खाली जातात.

वजन किती?

शाळेच्या दप्तराबाबत केंद्र सरकारचं धोरण २०२० साली आलं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हे त्याचं मूळ सूत्र. त्यात इयत्तेप्रमाणे आकडेही दिलेत. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, आठवीला २.५ ते ४ किलो, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो आणि अकरावी-बारावीला ३.५ ते ५ किलो. बालवाडीतल्या पोरांना दप्तरच नको असं त्यात स्पष्ट आहे. दप्तराला दोन्ही खांद्यांवर नीट बसणारे, गादीचे, सारखे पट्टे असावेत हेही त्यातच लिहिलंय.

आता हिशेब करा. तीस किलोचा सहावीतला पोरगा. त्याचं दप्तर तीन किलोपर्यंत ठीक. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो तिथंच गेला. डबा अर्धा किलो. जाडजूड, सतरा कप्प्यांची सॅक घेतली तर ती रिकामीच एक किलोच्या आसपास जाते. म्हणजे पुस्तकं भरायच्या आधी अडीच किलो संपले. म्हणून लहान पोरांची सॅक घेताना रिकामी किती जड आहे ते आधी बघा. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघायला कुणी नाही म्हणत नाही. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर बाटली अर्धी भरून द्या, आणि चांगलं नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढा. पोरांना पाणी वाहून न्यावं लागू नये, शाळेतच मिळावं, हेही त्याच धोरणात आहे.

मोठ्या माणसाला असा सरकारी आकडा नाही. पण रोज पायी जायचं असेल तर स्वतःच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत ठेवावं असं साधारण सांगतात. साठ किलोच्या माणसाला सहा ते नऊ किलो. गाडीवर जाणाऱ्यानं त्यातही कमीकडं राहावं, कारण खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा सॅक आधी वर उडते अन् मग खांद्यावर येऊन बसते. त्या क्षणाला खांद्याला लागतं ते काट्यावरचं वजन नव्हे, त्याहून बरंच जास्त. आपल्या रस्त्यांवर हे दिवसात किती वेळा होतं ते मी सांगायला नको.

एका खांद्यावर सॅक टाकून चालायची कॉलेजच्या पोरांची फॅशन आहे. चार पावलांना ठीक. फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चालताना एक खांदा वर, एक खाली, कणा तिरका. मग रात्री मान दुखते म्हणून बाम चोळायचा.

गाडीवर दोघं असतील तेव्हा

चालवणाऱ्याच्या पाठीला सॅक आणि मागं माणूस, हे दृश्य रोजचं. मागच्या माणसाच्या छातीत सॅक घुसते, तो मागं सरकतो आणि जवळजवळ टेललाइटवर बसतो. गिअर बदलला, झटका बसला की तो मागं जातो. दोघं असताना चालवणाऱ्यानं सॅक काढून मागच्याकडं द्यावी. मागच्यानं ती पाठीला न लावता पुढून, पट्टे दोन्ही खांद्यांत घालून पोटाशी घ्यावी. पाठीला लावली तर गाडी सुटताना तीच त्याला मागं खेचते. पोटाशी घेतली की हात मोकळे राहतात आणि सीटमागची दांडी धरता येते. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बायांना तर हे जास्तच लागू आहे. पाठीवर पाच किलो आणि बसायला अर्धी सीट, हा तोल धरत नाही.

काही जण सॅक पुढं टाकीवर ठेवतात. सरळ रस्त्याला काही वाटत नाही. पण गल्लीत वळताना, यू-टर्न घेताना हँडल पूर्ण फिरत नाही, सॅकवर अडतं. गाडी अशा वेळी हळू असते म्हणून माणूस वाचतो, पण पाय मोडायला तेवढंच पुरतं. हँडलला टांगलेली पिशवीही तशीच. ती झुलते आणि पुढचं चाक तिच्यामागं जातं.

अजून एक बारीक गोष्ट. पट्टे आवळल्यावर जी टोकं उरतात, ती वाऱ्यावर फडफडतात, मागच्या चाकात, चेनमध्ये जातात. ओढणी आणि साडीच्या पदराबद्दल आपण सांगतो, सॅकच्या पट्टीबद्दल कुणी सांगत नाही. टोकं गुंडाळून रबरबँड लावा, किंवा शिंप्याकडून दोन टाके मारून घ्या.

आणि कठीण, टोकदार वस्तू पाठीच्या बाजूला ठेवू नका. पाना, पक्कड, छत्रीचं टोक, स्टीलचा उभा डबा. गाडीवरनं पाठीवर पडलात तर जमीन आणि कणा यांच्या मधे तीच वस्तू येते. जड पण सपाट ते पाठीशी ठेवायचं, म्हणजे वह्या, फाईल, लॅपटॉप. त्यानं भार अंगाजवळ राहतो आणि सॅक मागं ओढत नाही. कपडे, रेनकोट बाहेरच्या बाजूला. अवजारं सॅकमध्ये घालायचीच नाहीत, गाडीच्या बाजूच्या डिकीत टाका.

सायकलवाल्यांना

राज्यातल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम चालतो, त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, पण दप्तर पाठीवरच राहिलं, असं खूप ठिकाणी दिसतं. चढाला लागल्यावर पोरगी पुढं वाकते, दप्तर मानेवर येतं.

दूधवाला किटल्या कशा लावतो ते बघा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारख्या वजनानं. त्याला कुणी शिकवलं नाही, अनुभवानं कळलंय की भार जितका खाली तितकी गाडी स्थिर. सायकलला मजबूत कॅरिअर असेल तर दप्तर पाठीवरनं काढून कॅरिअरवर आडवं टाकावं आणि रबरी ट्यूबच्या पट्टीनं दोन ठिकाणी आवळावं. पट्टे सगळे आत खोचून. दप्तराचा एक पट्टा जरी स्पोकमध्ये गेला तरी मागचं चाक जागच्या जागी थांबतं. पुढच्या हँडलला दप्तर अडकवणं त्याहून वाईट. तिथं पट्टा पुढच्या चाकात गेला तर माणूस हँडलवरनं पुढं फेकला जातो.

काळी सॅक आणि उसाचा हंगाम

दुकानात विकल्या जाणाऱ्या सॅकमध्ये काळ्या जास्त. मळत नाहीत म्हणून घेतो. पण गाडीवर बसल्यावर मागनं येणाऱ्याला आपला शर्ट दिसत नाही, दिसते ती सॅक. दिवाळीनंतर साडेसहालाच अंधार पडतो, त्यात कारखान्याचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या, धूळ. अशा वेळी काळी सॅक, काळं जर्किन आणि धुळीनं माखलेला टेललाइट घेऊन जाणारा माणूस मागच्याला अगदी जवळ आल्यावरच दिसतो.

उपाय स्वस्त आहे. गाड्यांना लावतात ती रेडियमची पट्टी कापडावर फार टिकत नाही, धुतली की निघते. त्यापेक्षा सुरक्षा जॅकेटवर असते तशी शिवायची चमकती पट्टी मिळते, ती शिंप्याकडून सॅकच्या पाठीमागं आडवी आणि दोन्ही पट्ट्यांच्या पुढच्या बाजूला शिवून घ्या. पुढच्या बाजूला का? तर पायी चालताना आपण रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडं तोंड करून चालावं, तेव्हा दिवा पुढून पडतो. नवी सॅक घेताना अशी पट्टी असलेली मिळाली तर उत्तमच, पण खात्री करा. अंधाऱ्या कोपऱ्यात सॅक ठेवून मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरून लावा. लख्ख चमकली तर खरी, नुसती राखाडी दिसली तर रंगाची पट्टी आहे.

पाऊस

"वॉटरप्रूफ आहे" हे वाक्य बाजारात फार सहज बोललं जातं. बहुतेक सॅकचं कापड पाणी काही वेळ थोपवतं, एवढंच. पाणी शिरतं ते शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून. गाडीवर वेगात असताना पावसाचं पाणी जोरानं मारा करतं, तिथं दहा मिनिटांत आतली वही ओली होते. कापडाच्या आतल्या बाजूला हात फिरवा, गुळगुळीत रबरासारखा लेप लागला तर पाणी थोपवणारं कापड आहे. हा लेप उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो, पांढरी सालपटं निघतात. म्हणून सॅक धुतल्यावर कडक उन्हात वाळत घालू नये, सावलीत उलटी टांगावी.

सोबत मिळणारं रेनकव्हर चांगलं, पण ते पाठीच्या बाजूला उघडं असतं. रेनकोटवरून ओघळणारं पाणी तिथून आत जातं. शिवाय कव्हर सैल असेल तर वाऱ्यानं फुगून उडतं. खाली आवळायला दोरी किंवा बक्कल असलेलं कव्हर घ्या, आणि ते शक्यतो पिवळं किंवा भगवं घ्या. आमचा सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र सॅकच्या आतला आहे. जाड प्लास्टिकची नवी, मोठी पिशवी आत बसवायची, सामान तिच्यात, तोंड दोनदा दुमडून वर चेन. कितीही भिजा. ही पिशवी नवीच हवी. खताच्या गोणीतली किंवा औषधाच्या खोक्यातली प्लास्टिकची पिशवी धुऊनसुद्धा वापरू नका.

औषधाचं निघालंच तर हेही सांगून टाकतो. तालुक्याला गेलेला माणूस येताना कृषी केंद्रातून फवारणीच्या औषधाची बाटली घेतो आणि सॅकमध्ये टाकतो. त्याच सॅकमध्ये रिकामा डबा, पोरांसाठी खाऊ, कधी भाजी. बाटलीचं झाकण प्रवासात ढिलं होतं, थेंब थेंब गळतं, वास येईपर्यंत कळत नाही. दुसऱ्या दिवशी तीच सॅक पोरगं शाळेला नेतं. कीटकनाशकांची वाहतूक खाण्याच्या वस्तूंशी संपर्क येईल अशी करू नये, असं कीटकनाशक नियम १९७१ मध्येही आहे. बाटली वेगळ्या पिशवीत, उभी, डिकीत ठेवा. सॅकमध्ये कधी औषध सांडलं असेल तर ती सॅक पुन्हा डब्याला किंवा दप्तराला वापरू नका.

चेन, कापड, लिटर

बॅग दुरुस्तीवाल्याकडं थोडा वेळ उभं राहिलं तरी कळतं की सॅक दोन गोष्टींनी मरते. एक पट्ट्याचं मूळ, दुसरी चेन. चेनच्या रनरच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा आकडा असतो, ५, ८ किंवा १०. आकडा मोठा तितकी चेन रुंद. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० असावी, छोट्या खिशांना ५ चालते. सॅक भरून चेन कोपऱ्यातून फिरवून बघा, रिकामीची सगळ्यांचीच पळते. धुळीनं चेन अडकायला लागली तर जुन्या ब्रशनं दात साफ करा आणि मेणबत्ती घासा. तेल सोडू नका, त्यावर आणखी धूळ बसते. चेन लावल्यावरही दात उघडे राहायला लागले तर बहुतेक वेळा रनर झिजलेला असतो. तो बदलून मिळतो, नवी सॅक घ्यायची गरज नसते.

कापडावर ६०० डी, १६८० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. रोजच्या वापराला ६०० पुरतं. १६८० डीचं कापड दणकट, पण सॅक जड होते. शिलाई कच्ची असेल तर कापड कितीही जाड असून उपयोग नाही.

लिटरचा आकडा हा नुसता अंदाज समजा. कॉलेजला वह्या, डबा, पाणी एवढंच असेल तर वीस-पंचवीस लिटर भरपूर. डबा, रेनकोट, बदलायचे कपडे घेऊन कंपनीत जाणाऱ्याला तीसच्या आसपास. त्यापेक्षा मोठी घेतली की ती भरली जाते, हा आपला स्वभाव आहे. लॅपटॉप असेल तर त्याच्या कप्प्यात हात घालून तळ चाचपा. कप्पा सॅकच्या तळाच्या दीड-दोन इंच वरच संपला पाहिजे. तळाला टेकणारा असेल तर सॅक जमिनीवर ठेवली की लॅपटॉपचा कोपरा आधी आपटतो, अन् स्पीडब्रेकरवर सीटचा दणकाही त्यालाच. एसटीच्या गर्दीत जाणाऱ्यानं पाठीला टेकणाऱ्या बाजूला एक चोरखिसा आहे का ते बघावं. पास, एटीएम, आधार तिथं. बाहेरच्या पहिल्या कप्प्यात मोबाइल ठेवून दारात लटकणाऱ्याचा मोबाइल जातो, यात नवल काही नाही.

पैसे आणि बिल

आठवडी बाजारातली तीनशे-चारशेची सॅक पहिली-दुसरीतल्या पोराला, कमी वजनाला चालून जाते. गाडीवर रोज पाच-सहा किलो नेणाऱ्यानं ती घेऊ नये, वर्षात दोनदा दुरुस्ती आणि मग दुसरी सॅक, असा खर्च होतो. हजार-बाराशेच्या घरात बऱ्या शिलाईच्या सॅक मिळतात. त्यापुढं जे पैसे जातात त्यातले बरेचसे नावाचे असतात. मोठ्या नावांची नक्कल बाजारात सर्रास आहे, कधी एक अक्षर बदललेलं, कधी तेही नाही. बियाणं कंपनीच्या मेळाव्यात फुकट मिळालेल्या सॅक घराघरात आहेत. त्यात सातबारे आणि पासबुकं ठेवावीत. तिच्या बोटभर पट्ट्यांवर पोराचं दप्तर लादू नये.

पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणं वजनमापांच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. सॅकच्या टॅगवर यातलं काहीच नसेल तर वॉरंटीच्या गप्पांना अर्थ नाही. पक्कं बिल मागा. ऑनलाइन मागवली तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा.

घरी आणली की त्याच संध्याकाळी टॅग न काढता रोजचं सगळं सामान भरा, अगदी पाण्याच्या बाटलीसकट, आणि पाठीला लावून पंधरा-वीस मिनिटं अंगणात फिरा. खांद्याला बोचतंय का, तळ आपटतोय का, कुठं टाका उसवतोय का ते तेव्हाच कळतं. बदलायची असेल तर दुसऱ्या दिवशी बिल घेऊन दुकानात जा. वॉरंटी असताना दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथं तक्रार नोंदवताना बिलाचा आणि फाटलेल्या जागेचा फोटो हाताशी ठेवा.